परदेशी चाललाय? मूळ कागद पेटीत, झेरॉक्स खिशात

शेतकरी बंधूंनो, जमिनीचं खरेदीखत तुम्ही कुठे ठेवता? पेटीच्या तळाशी, फडक्यात बांधून. कचेरीत कोणी मागितलं तर आधी झेरॉक्स पुढे करता. मूळ कागद एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की हेलपाटे आले आणि चहापाणीही आलं, हे तुम्हाला सांगायला नको. पण हेच शहाणपण परदेशी निघालेल्या पोराला शिकवायचं मात्र राहून जातं.

कोकणातली कितीतरी पोरं आखातात कामाला आहेत, जहाजावर खलाशी आहेत. काहीजण आफ्रिकेतही पोचले आहेत. तिकडचे सगळेच अधिकारी लाचखाऊ असतात असं मुळीच नाही. पण जो असतो त्याची रीत ठरलेली. रस्त्यात अडवायचं, पासपोर्ट मागायचा, हातात आला की 'शिक्का बरोबर नाही' म्हणायचं आणि पासपोर्ट स्वतःच्या खिशात टाकून पैशाचं बोलायचं. नायजेरिया, केनियातले हमरस्त्यावरचे नाके यासाठी बदनाम आहेत. सुएझ कालव्याला तर दर्यावर्दींनी 'मार्लबोरो कालवा' असं नाव पाडलं, ते तिथे द्याव्या लागणाऱ्या सिगारेटच्या खोक्यांवरून. अशा लाचेला आळा घालायला २०११ साली जहाज कंपन्यांना 'मेरिटाइम अँटी-करप्शन नेटवर्क' नावाची संघटना काढावी लागली.

यात मेख एवढीच, की मूळ कागद साहेबाच्या हातात असेल तर सौदा त्याच्या मर्जीने होतो. झेरॉक्स असेल तर अडवून धरायला त्याच्याकडे काहीच राहत नाही. ठेवून घेतली तर घेऊ दे, दुसरी काढता येते.

म्हणून निघण्याआधी तीन सेट करा. पासपोर्टचं फोटोचं पान, शेवटचं पान, व्हिसा आणि नोकरीचा करार. तिकडे उतरल्यावर प्रवेशाच्या शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स काढून त्यात घाला. एक सेट खिशात, एक खोलीवर पण मूळ कागदांपासून वेगळा, एक गावी घरच्यांकडे. मोबाइलमध्ये फोटो असू द्या, पण मोबाइलच काढून घेतला तर कागदच कामाला येतो. सिमकार्डासाठी वगैरे कोणाला झेरॉक्स दिलीत, तर तीवर कारण आणि तारीख लिहून सही करा.

मात्र सगळीकडे झेरॉक्स चालते असं समजू नका. विमानतळावर मूळ पासपोर्टच लागतो. सौदीत इकामा, कुवेतला सिव्हिल आयडी, अमिरातीत एमिरेट्स आयडी ही ओळखपत्रं जवळ ठेवावीच लागतात. जपानसारख्या देशात तर फिरायला आलेल्यालाही मूळ पासपोर्ट जवळ बाळगण्याची सक्ती आहे. तेव्हा त्या देशाचा नियम आधी विचारून घ्या.

रस्त्यात अडवलं तर वाद घालू नका. झेरॉक्स दाखवा. मूळच पाहिजे म्हणाला तर 'ठाण्यावर चला, तिथे दाखवतो' असं शांतपणे सांगा. दंड म्हणाला तर पावती मागा. नाव, बिल्ला नंबर, वेळ ध्यानात ठेवा, पण मोबाइलने शूटिंग करू नका, आखातात तोच गुन्हा ठरू शकतो. आपणहून नोट पुढे करू नका. लाच देणाराही गुन्हेगारच. अटक झालीच तर भारतीय वकिलातीला कळवा म्हणून सांगण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे.

आणखी एक. पुष्कळ मालक कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात. १९६७ च्या आपल्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नव्हे. सौदी आणि अमिरातीच्या नियमांनाही असं ठेवून घेणं मंजूर नाही. २०१३ साली सौदीने बेकायदा कामगारांना माफीची मुदत दिली, तेव्हा कितीतरी भारतीयांच्या हाती पासपोर्ट नव्हता. त्यांना वकिलातीने परतीपुरता दाखला, म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट दिलं. असा दाखला मागताना पासपोर्टची झेरॉक्स असली तर काम लवकर होतं. साधा नंबरही नसेल तर माणूस भारतीय आहे की नाही, याची चौकशी थेट त्याच्या जिल्ह्यात, गावात येते. घरात कोणी आजारी असेल, मयत झालं असेल, आणि पोरगं तिकडे कागदासाठी अडकून पडलेलं. अशा वेळी एक झेरॉक्स किती मोलाची, याचा विचार करा.

सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींना एवढंच सांगणं आहे. गावातलं कोणी परदेशी निघालं की त्याच्या घरी सेट ठेवलाय का, हे विचारा. परराष्ट्र खात्याने २०१५ साली 'मदद' ही तक्रारीची ऑनलाइन सोय सुरू केली आहे. तिथे तक्रार नोंदवताना पासपोर्ट नंबर हाताशी लागतो. तो घरच्यांना ट्रंकेत सापडला पाहिजे.