मूठभर तांदूळ

विद्यार्थी मित्रांनो, ईदच्या नमाजाला जाण्यापूर्वी घरातील मोठी माणसे फितरा देतात, हे तुम्ही पाहिले आहे. सणाच्या दिवशी मोहल्ल्यातील एकही घर उपाशी राहू नये, हा त्यामागचा हेतू असतो. आपल्या घरी शिरखुर्मा आणि शेजारच्या घरी थंड चूल, अशी ईद कोणाला आवडेल? सणाचा आनंद वाटून घ्यावा लागतो, ही गोष्ट सगळ्या धर्मांच्या लोकांना ठाऊक आहे. मात्र तो वाटून घेण्याच्या रीती ठिकठिकाणी वेगळ्या असतात. आपल्या देशाच्या ईशान्य टोकाला असलेल्या मिझोरम राज्यात नाताळ कसा साजरा होतो, हे आज आपण पाहू.

भारताच्या नकाशावर मिझोरम शोधा. एका बाजूला म्यानमार आणि दुसऱ्या बाजूला बांगलादेश, यांच्यामध्ये हे छोटे राज्य आहे. सगळीकडे उंच डोंगर, खोल दऱ्या आणि बांबूची दाट वने. ऐझॉल ही राजधानी डोंगराच्या माथ्यावर वसली आहे. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम हे स्वतंत्र राज्य झाले. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ११ लाख होती. त्यांतील ८७ टक्के लोक ख्रिस्ती होते.

ख्रिस्ती धर्म जगात सुमारे दोन हजार वर्षांपासून आहे. आपल्या केरळातही ख्रिस्ती मंडळी फार प्राचीन आहे. मिझोरममधील मंडळी मात्र त्या मानाने अगदी तरुण आहे. ११ जानेवारी १८९४ रोजी लॉरेन आणि सॅव्हिज नावाचे दोन इंग्रज मिशनरी नावेत बसून त्लॉङ नदीतून सैरांग या गावी पोहोचले. तेथून या मंडळीची कथा सुरू होते. त्याच सैरांगपर्यंत २०२५ साली रेल्वेगाडीही पोहोचली. आजही मिझोरममध्ये ११ जानेवारीला सुट्टी असते.

त्या काळी मिझो भाषेला लिपी नव्हती. गोष्टी होत्या, गाणी होती, पण लिहिण्याची सोय नव्हती. या दोघांनी रोमन अक्षरे वापरून मिझो भाषेची वर्णमाला तयार केली आणि एक लहानशी शाळा उघडली. पहिले विद्यार्थी दोनच होते. एकाचे नाव सुआका आणि दुसऱ्याचे थांगफुंगा. १८९७ मध्ये डी. ई. जोन्स हे वेल्स देशातील मिशनरी आले. १८९९ साली खुमा आणि खारा या दोन मिझो तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. या डोंगरांत बाप्तिस्मा घेणारे ते पहिले मिझो होत.

सुरुवातीला या नव्या मंडळीत फार थोडी माणसे होती. गावचा कारभार मुखियाच्या हाती असे. काही मुखियांना हा नवा धर्म आवडला नाही. काही गावांतून ख्रिस्ती कुटुंबांना घर सोडून बाहेर पडावे लागले. विचार करा, डोंगराळ मुलुखात गावाबाहेर काढलेल्या कुटुंबाने जायचे कोठे? शेत गेले, घर गेले, सोबतही गेली. अशा वेळी माणसाला दोन गोष्टींची गरज असते. एक म्हणजे पोटाला अन्न आणि दुसरी म्हणजे आपले म्हणणारी माणसे. त्यामुळे ही लहान मंडळी एखाद्या कुटुंबासारखी घट्ट बांधली गेली. एकाच्या घरचे दुखणे ते सगळ्यांचे दुखणे, अशी त्यांची रीत पडली.

ही रीत त्यांना अगदीच नवी नव्हती. मिझो भाषेत एक जुना शब्द आहे, 'त्लॉमङाइना'. एका मराठी शब्दात त्याचा अर्थ सांगणे कठीण आहे. कोणी न सांगता दुसऱ्याच्या मदतीला धावणे, कठीण काम आपण आधी उचलणे, स्वतःचा वाटा शेवटी घेणे आणि केल्याची बढाई न मारणे, हे सारे त्या एका शब्दात येते. डोंगरात राहणाऱ्या माणसांना एकमेकांशिवाय जगता येत नाही. शिकारीला जाताना, जंगल साफ करताना, रात्री आजारी माणसाला पाठीवर घेऊन दरी उतरताना सोबत लागतेच. हा जुना गुण नव्या मंडळीने आपलासा केला.

आता शीर्षकातील मूठभर तांदळाकडे वळू. भात हे मिझो लोकांचे मुख्य अन्न. १९१० च्या सुमारास ऐझॉलमधील ख्रिस्ती स्त्रियांनी एक साधी गोष्ट सुरू केली. मंडळीच्या कामासाठी काही द्यावे असे त्यांना वाटे, पण हाती पैसा नव्हता. तेव्हा स्वयंपाकासाठी तांदूळ मोजून घेतले, की त्यांतून एक मूठ तांदूळ त्या वेगळ्या भांड्यात टाकू लागल्या. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. हे साठलेले तांदूळ गोळा करून विकायचे आणि आलेला पैसा मंडळीच्या कामासाठी वापरायचा. या प्रथेला मिझो भाषेत 'बुफाइ थाम' म्हणतात.

एका मुठीने काय होणार, असे तुम्हांला वाटेल. चला, हिशेब करून पाहू. एका मुठीत सुमारे ५० ग्रॅम तांदूळ धरा. दिवसाला दोन मुठी, म्हणजे आठवड्याला चौदा मुठी झाल्या. त्यांचे वजन ७०० ग्रॅम होते. वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे ३६ किलोहून अधिक होते. गावात शंभर घरे असतील, तर वर्षाला ३६ क्विंटल तांदूळ जमा होईल! घरातील कोणाचेही पोट त्यामुळे अर्धे राहत नाही. या प्रथेतून आज मिझोरममधील मंडळ्यांकडे दरवर्षी कोट्यवधी रुपये जमा होतात. आपल्याकडे 'थेंबे थेंबे तळे साचे' असे म्हणतात, ते उगीच नाही.

या प्रथेत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. श्रीमंताची मूठ आणि गरिबाची मूठ सारखीच असते. त्यामुळे देताना कोणाला लाज वाटत नाही आणि कोणाला गर्वही होत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही, तोही देणारा होतो.

आता नाताळाकडे येऊ. २५ डिसेंबर हा येशू ख्रिस्तांचा जन्मदिवस म्हणून जगभर साजरा होतो. मिझोरममध्ये हा सण नेमका सुगीनंतर येतो. डोंगरउतारावरचे भात कापून, झोडपून घरी आलेले असते. पाऊस थांबलेला असतो, हवा थंड आणि कोरडी असते, शेतीचे काम कमी असते. पूर्वीही सुगीनंतर मिझो लोक 'पॉल कुट' नावाचा सण करीत. त्या दिवशी आया आपल्या मुलांना घेऊन बसत आणि घासातला घास भरवत. म्हणजे भरलेल्या कणगीचा आनंद आणि नव्या धर्माचा सण हे एकाच ऋतूत आले.

डिसेंबर लागला, की घराघरांवर कागदी चांदण्या लटकू लागतात. परगावी शिकणारी मुले आणि नोकरी करणारी माणसे घरी परततात. शहरातील आणि गावातील वस्तीला मिझो भाषेत 'वेंग' म्हणतात. वेंग म्हणजे आपला मोहल्लाच समजा. प्रत्येक वेंगमध्ये चर्च असते आणि सणाची तयारी सारा वेंग मिळून करतो. तरुण मुले जंगलातून सरपण आणतात. मुली आणि स्त्रिया भाज्या निवडतात. कोणी चुलीसाठी दगड मांडतो, कोणी मोठमोठी भांडी घासतो. कोणाला मजुरी मिळत नाही आणि कोणी ती मागतही नाही.

२४ तारखेच्या रात्रीपासून लोक चर्चमध्ये जमू लागतात. २५ तारखेला प्रार्थना होते. मग येते ती सगळ्यांच्या आवडीची गोष्ट, सामुदायिक जेवण! याला मिझो भाषेत 'रुआई' म्हणतात. मोकळ्या जागेत मोठमोठ्या भांड्यांतून भात, मांस आणि उकडलेल्या भाज्या शिजतात. मंडळीतील लहानथोर सारे एकत्र बसून जेवतात. सरकारी अधिकारी आणि रस्त्यावर खडी फोडणारा मजूर यांना एकाच भांड्यातले वाढले जाते. वृद्ध, विधवा आणि अनाथ मुले यांना विसरून चालत नाही. कोणी आजारी असेल, तर त्याचा वाटा घरी पोहोचवला जातो. घरोघरी वेगळे पक्वान्न करता आले असते. पण मग कोणाचे ताट भरलेले आणि कोणाचे रिकामे, हे दिसले असते. रुआईमध्ये ते दिसत नाही.

जेवणानंतर गाणे सुरू होते. लोक गोलाकार बसतात. मध्ये ढोल असतो, त्याला 'खुआङ' म्हणतात. एक जण गाण्याची ओळ मोठ्याने सांगतो आणि मग सगळे मिळून ती संथ सुरात गातात. ढोलाचा ठेका सुरू झाला, की काही जण उठून गोलात नाचू लागतात. रात्र कधी सरली, हे कळतही नाही.

या ढोलाची कथा मोठी मनोरंजक आहे. सुरुवातीच्या काळात ढोलाला चर्चमध्ये जागा नव्हती. मिझो लोक पूर्वी सणावारी 'झू' नावाची तांदळाची दारू पीत आणि ढोलाच्या तालावर नाचत. ढोल वाजला की दारूची आठवण येईल, अशी मंडळीतील लोकांना भीती वाटे. म्हणून दारूबरोबर ढोलही दूर ठेवला गेला आणि जुने सणही मागे पडले. चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींची गाणी गायली जाऊ लागली. पण ती चाल मिझो गळ्यात पुरती मुरली नाही. माणूस धर्म बदलतो, तेव्हा त्याचा गळा आणि कान बदलत नाहीत. हळूहळू मिझो कवींनी आपल्या भाषेत, आपल्या चालींत भक्तिगीते रचली. १९२० च्या सुमारास ढोल चर्चमध्ये परत आला. दारू मात्र परत आली नाही. पुढे १९७३ पासून 'चापचार कुट' हा जुना वसंतातील सणही राज्यभर साजरा होऊ लागला. त्या दिवशी होणारे बांबूनृत्य तुम्ही चित्रात पाहिले असेल. आपले जुने सगळेच टाकून द्यावे लागत नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे विचाराने ठरवता येते, हे मिझो लोकांनी अनुभवातून जाणले.

एकोप्याची खरी परीक्षा सणात होत नाही, ती संकटात होते. मिझोरममध्ये सुमारे ४८ वर्षांनी एका जातीच्या बांबूला एकाच वेळी फुलोरा येतो. त्याचे बी खाऊन उंदीर अतोनात वाढतात आणि मग शेतातील उभे पीक फस्त करतात. १९११, १९५९ आणि २००७ च्या सुमारास असे संकट आले. पुढे १९६६ मध्ये तेथे सशस्त्र बंड झाले. संचारबंदी लागली. अनेक गावांतील लोकांना आपली घरे सोडून रस्त्यालगतच्या वसाहतींत राहावे लागले. ३० जून १९८६ रोजी शांततेचा करार झाला. अशी वीस वर्षे काढायची, तर शेजाऱ्याचाच आधार लागतो.

आजही वेंगमध्ये कोणाचे निधन झाले, की तरुण मुले न बोलावता जमतात. कबर खणणे, निरोप पोहोचवणे, शोकात असलेल्या घरी रात्री सोबत करणे आणि गाणी गाणे ही कामे ती करतात. १९३५ साली स्थापन झालेली तरुणांची संघटना या कामी पुढे असते. आज तिचे नाव 'यंग मिझो असोसिएशन' असे आहे. रस्ता साफ करायचा असो वा एखाद्या निराधाराचे घर बांधायचे असो, घराघरांतून एकेक माणूस श्रमदानाला येतो. म्हणजे नाताळात एका पंक्तीला बसणारी माणसे दुःखातही एकत्र बसतात. मुळात ती दुःखात एकत्र बसतात, म्हणूनच त्यांच्या सणाच्या जेवणाला एवढी गोडी असते.

मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यातही मिझोरमसारख्या पुष्कळ गोष्टी तुम्हांला सापडतील. रमजानमध्ये इफ्तारची थाळी शेजारी पाठवणारी अम्मी, दिवाळीचा फराळ घेऊन येणाऱ्या काकू, जनाजा उचलण्यासाठी दुकान बंद करून येणारे चाचा, यांना 'त्लॉमङाइना' हा शब्द माहीत नसेल; पण त्याचा अर्थ त्यांना नक्कीच माहीत आहे. पुढच्या सणाला तुमच्या गल्लीत एक फेरी मारा. कोणत्या घरी माणसे कमी आहेत, कोठे आजारपण आहे, कोणाचा मुलगा परगावी अडकला आहे, ते पाहा. मग घरी येऊन आपल्या डब्यातील एक मूठ त्यांच्यासाठी बाजूला काढा.