पोटात आग, हातात पुडी

नगरकडे पोटाच्या निम्म्या तक्रारी एका शब्दात आटपतात : 'आग होते.' जेवणानंतर छातीत जळजळलं तरी आग आणि आतड्याला सूज येऊन दिवसातून दहादा परसाकडे धावावं लागलं तरी आगच. शब्द एक, म्हणून उपायही एकच शोधला जातो. कुणी ज्येष्ठमध चघळायला सांगतं, कुणी थंड दूध प्यायला, तर कुणी मोबाइलवर पाहिलेली चिनी पुडी मागवतं. यातलं काही खरंच गुणाचं आहे, काही नुसतंच समाधान देणारं आणि काही चांगलंच महागात पडणारं.

गैरसमज १ : तिखट खाल्ल्यानेच अल्सर होतो.

वस्तुस्थिती : शिपी आमटी किंवा ठेचा आधीच दुखऱ्या पोटाला झोंबतो, पण जखम तो करत नाही. अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. पुढे २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड कामगार असोत की कांद्याच्या गोण्या उचलणारे हमाल, अंग मोडून आलं की मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि उपाशीपोटी गिळायची, ही सवय रोजची झाली तर जठराचं अस्तर सोलून निघतं. अशा वेळी मिरचीला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

गैरसमज २ : थंड दूध पोटातली आग विझवतं.

वस्तुस्थिती : घोटभर दुधाने लगेच बरं वाटतं, हे खरं. मात्र दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, त्यामुळे थोड्या वेळाने जळजळ परतते. आतड्याला सूज असेल तर अनेकांना दुधातली साखर पचत नाही. ताकात ती थोडी कमी असते. चरकसंहितेत ग्रहणीच्या विकारावर ताकाची एवढी महती आहे, ती उगाच नव्हे.

गैरसमज ३ : झाडपाल्याचं औषध, मग ते चिनी असो वा आपलं, अपाय करत नाही.

वस्तुस्थिती : ज्या औषधाला गुण आहे, त्याला अवगुणही असतो. ज्येष्ठमध आपल्या वैद्यांना जितका प्रिय, तितकाच चिनी वैद्यांनाही. पण तो बरेच दिवस भरपूर खाल्ला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी नावाने जवळची दुसरीच आली. त्यापायी १०० हून अधिक जणांची मूत्रपिंडं निकामी झाली किंवा कायमची दुखावली, आणि त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत, ती घेऊच नये.

गैरसमज ४ : म्हणजे हे सगळं थोतांडच.

वस्तुस्थिती : तसंही नाही. चिनी वैद्य पोटाच्या विकारांत वापरतात ते ह्वांग-ल्येनचं मूळ आणि आपली दारुहळद, दोन्हींत बर्बेरिन हे एकच कडू द्रव्य आहे आणि ते जंतूंना मारक ठरतं. निळीपासून केलेली छिंग-दाई ही चिनी पावडर जपानमध्ये मोठ्या आतड्याच्या सुजेवर तपासली गेली. आठ आठवड्यांत बहुतेकांना गुण आला. पण ही पावडर घेणाऱ्या काहींच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब धोकादायक वाढल्याचं दिसलं आणि चाचणी मध्येच आवरावी लागली. एकाच पुडीत गुण आणि घात असे शेजारी शेजारी बसलेले असतात.

हळदीतही गुण आहे, पण प्रश्न मात्रेचा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मोठ्या आतड्याला सूज असणाऱ्या ८९ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधाच्या जोडीला रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा त्यांचा आजार कमी वेळा उलटला. हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम ३ टक्के. म्हणजे तेवढ्यासाठी रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. रात्रीच्या हळद-दुधाने आतड्याची सूज उतरेल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

गैरसमज ५ : ॲक्युपंक्चरने आतड्याचा आजार मुळातून जातो.

वस्तुस्थिती : १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच डॉ. बिजयकुमार बसूही होते. बसूंनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून कलकत्त्यात आणली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, म्हणून सुया टोचणाऱ्याची नोंदणी विचारायचा हक्क आपल्याला आहे. मात्र कायद्याची मान्यता वेगळी आणि आजारावरचा पुरावा वेगळा. पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ अशा सूज नसलेल्या विकारात खऱ्या सुया आणि नुसत्या दिखाऊ सुया यांची तुलना झाली, तेव्हा फरक दिसला नाही.

गैरसमज ६ : पोट बिघडलं की अन्नपाणी तोडावं.

वस्तुस्थिती : हा समज कसा मोडायचा, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवलंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जुलाबात पोराचं पाणी तोडू नका, उलट पाजा, हे त्यांनी घरोघर पटवलं. एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढाच तो नुस्खा.

आहारात चीन आणि आपण फार लांब नाही. सुमारे १८०० वर्षांपूर्वीचे चिनी वैद्य चांग चुंग-चिंग काढ्यानंतर गरम पातळ पेज घ्यायला सांगत. आयुर्वेदातही शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारानंतर, आधी पेया म्हणजे पातळ पेजच येते. सूज भडकली असताना पेज, मऊ भात, मुगाचं वरण सोसतं. बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी पोट शांत झाल्यावर, हळूहळू.

शौचातून रक्त, काळं शौच, वजन घटणं, झोपेतून उठवणारे जुलाब, सतत ताप, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करावी. जाताना ती पुडीही सोबत न्यावी. नगरमध्ये १९१७ पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे, तेव्हा वैद्य आपल्याला परके नाहीत. परकी आहे ती पुडी लपवायची सवय. लपवलेलं औषध डॉक्टरांना दिसत नाही, मूत्रपिंडाला मात्र दिसतं.