इम्पाला मागच्या चाकांवर का आली नाही?

२००४ मध्ये क्रायस्लरची ‘३००’ ही मोठी सेडान मागच्या चाकांना ताकद देणारी रचना घेऊन आली आणि अमेरिकेत चांगली खपली. मग शेव्हरोलेची इम्पालाही तशीच नव्याने घडवली जाणार, अशी कुजबुज वाढली. ती अगदीच निराधार नव्हती. शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या ऑस्ट्रेलियातील होल्डन कंपनीने २००६ च्या कमोडोर गाडीसाठी तसा सांगाडा बनवलाच होता.

शौकिनांना हे एवढे का हवे होते? वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो, त्यामुळे मागच्या चाकांना पकड जास्त मिळते. पुढच्यांकडे मुख्यतः वळण्याचे काम उरते. दणकट इंजिनाची सगळी ताकद पुढच्याच चाकांना दिली, तर स्टिअरिंग हातातून ओढ घेऊ लागते. मात्र मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट वजन वाढवतो, आतली जागाही खातो.

२००७ मध्ये इंधनाचे नियम कडक होण्याची चिन्हे दिसताच बेत बारगळला. २०१४ ची नवी इम्पाला पुढच्याच चाकांवर धावली. होल्डनच्या सांगाड्यावरची ‘एसएस’ शेव्हरोलेने वेगळी विकली खरी, पण गिऱ्हाईक बेताचेच. कंपनीचा हिशेब चुकला नव्हता, असे मला वाटते. कुटुंबवाल्यांना ऐसपैस जागा नि मोठी डिकी हवी असते. तरीही २०२० मध्ये इम्पाला बंद झाली; लोक तोवर एसयूव्हीकडे वळले होते.