इग्वानाची मऊ हाडे : घरच्या घरी रोजची निगा



वडोदऱ्यातील आपल्या अनेक घरांतून मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जातात आणि त्यांनी हौसेने पाळलेले प्राणी आईवडिलांकडे राहतात. कुत्रा-मांजर असेल तर सल्ला द्यायला शेजारीपाजारी चार जण असतात. इग्वाना असेल तर विचारायचे कोणाला? वाघोडियात आम्ही उभयता चार वर्षांपासून असा एक हिरवा इग्वाना सांभाळतो. मुलगा कॅनडाला गेला आणि मोरू आमच्याकडे राहिला. एका मित्राकडून तो मुलाकडे आला, तेव्हाच त्याचा खालचा जबडा मऊ आणि मागचा एक पाय वाकडा होता. मंडळाच्या काही सभासदांनी त्याच्याबद्दल विचारले, म्हणून हा लेख.

आजार काय आहे?

डॉक्टर याला ‘मेटाबॉलिक बोन डिसीज’ म्हणतात. पाळीव इग्वानांत तो फार आढळतो. आहारात कॅल्शियम कमी व फॉस्फरस जास्त असले, किंवा उन्हातील यूव्हीबी किरणे मिळाली नाहीत, की रक्तातले कॅल्शियम घटते. यूव्हीबीमुळे कातडीत ‘ड-३’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग परावटू ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रोजचा खर्च मुदत ठेव मोडून चालतो. हाडे रबरासारखी मऊ होतात, पाय सुजल्यासारखे जाड दिसतात, बोटे थरथरतात, पाठ वाकते, साध्या उडीनेही हाड मोडते.

वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही. पण आजार तिथेच थांबवता येतो आणि प्राणी पुढे अनेक वर्षे सुखाने जगू शकतो. त्यासाठी ऊन, आहार आणि नोंद या तीन गोष्टी रोज सांभाळाव्या लागतात.

ऊन आणि ऊब

खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाला उपयोगी नाही, कारण काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. आम्ही मोरूला सकाळी अर्धा तास जाळीच्या पिंजऱ्यात अंगणात ठेवतो. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर सावली असलीच पाहिजे आणि एकाने जवळ बसायचे. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नये, आत काही मिनिटांत भट्टी होते. पावसाळ्यात यूव्हीबीचा दिवा लागतो. तो दिसायला चालू असला तरी त्यातील यूव्हीबी हळूहळू संपते, म्हणून दिव्याच्या प्रकाराप्रमाणे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तो बदलावा. आम्ही बदलल्याची तारीख होल्डरवर चिकटवतो.

इग्वानाला खाल्लेले पचवायलाही ऊब लागते. शेकण्याच्या जागी ३५ ते ३८ अंश आणि बाकी जागेत २७ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान असावे. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा रात्रभर उबेची सोय करावी. मे महिन्यात ४२ अंशांच्या वर गेला, की उलट बाहेरचे ऊन लवकर आटोपावे. कोरड्या हवेत दिवसातून दोन-तीन वेळा पाणी फवारावे. सतत पाणी कमी पडले तर मूत्रपिंडे बिघडतात, आणि तो मोठ्या इग्वानांचा दुसरा जुनाट आजार आहे.

आहार

इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. त्याच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे. शेवग्याची, जास्वंदीची आणि तुतीची पाने उत्तम. सोबत थोडा लाल भोपळा किंवा दुधी किसून द्यावा. पपई, अंजीर चवीपुरते. पालक आपल्याला पौष्टिक वाटतो, पण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून तो रोज नको. काकडीत पाणीच जास्त. पोळी, भात, पनीर, अंडे अजिबात नको.

कॅल्शियमची पूड किती व कधी, ते पशुवैद्याने ठरवावे. एक इशारा आवर्जून देतो. आपल्या वयाच्या बहुतेकांच्या घरात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या असतात. त्यातले चिमूटभरही प्राण्याला देऊ नये. ‘ड-३’ जास्त झाले तर कॅल्शियम हृदयात, मूत्रपिंडात साठते.

हाताळणी आणि नोंद

उचलताना दोन्ही हातांनी पोट आणि पाय पेलावेत, शेपटीला धरू नये, ती तुटते. बसायची फांदी जाड, खरखरीत आणि जमिनीपासून फूट-दीड फुटावरच असावी. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यामुळे लहान नातवंडे आणि आपण ज्येष्ठ यांनी विशेष जपावे. त्याची भांडी स्वयंपाकघरात धुवू नयेत.

सरडा कण्हत नाही. दुखणे दिसते तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. म्हणून आमच्याकडे एक वही आहे : तारीख, काय खाल्ले, शी झाली का, ऊन किती वेळ, आणि दर रविवारी वजन. वजन सलग दोन-तीन आठवडे उतरले तर आम्ही थांबत नाही. थरथर, पायांनी पकड न घेणे, तोंड न मिटणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सगळेच पशुवैद्य सरपटणारे प्राणी तपासत नाहीत, तेव्हा आधी फोन करावा. आणंदचे पशुवैद्यकीय महाविद्यालय वडोदऱ्याहून साधारण ४० किलोमीटरवर आहे, तेथेही चौकशी करता येते. एक्स-रे आणि रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक आम्ल यांवरून आजार कुठे आहे ते कळते. वही सोबत नेली की डॉक्टरांचे निम्मे प्रश्न सुटतात.

कायदा आणि वारसा

आपली घोरपड पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सिंहगडाच्या यशवंतीच्या गोष्टीमुळे मराठी मुलांना तिचे आकर्षण असते, म्हणून हे सांगून ठेवावे. इग्वाना परदेशी प्राणी आहे, पण २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे त्याची ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर नोंदणी लागते. मालकी बदलली किंवा प्राणी दगावला तरी कळवावे लागते. आम्ही नोंदणी आमच्याच नावाने केली आहे.

नीट सांभाळलेला इग्वाना १५ ते २० वर्षे जगतो. आम्ही साठी ओलांडली आहे, तेव्हा हा हिशेब करावाच लागतो. ठेवीला नॉमिनी नेमतो, तसा त्यालाही नेमावा. आमच्या पुतणीने ते मान्य केले आहे आणि महिन्यातून एक रविवार ती येऊन सगळी कामे स्वतः करते. झेपत नाही म्हणून प्राणी शेतात किंवा विश्वामित्रीच्या काठी सोडून देणे हा मार्ग नव्हे. आजारी असला तर तो मरेल, आणि धडधाकट असला तर तिथल्या जीवसृष्टीला उपद्रव होईल, जसा अमेरिकेत फ्लोरिडात झाला आहे.

कोणाच्या घरी असा प्राणी असेल, तर आमच्या वहीचा नमुना मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. जरूर घेऊन जावा.