विडी उद्योगातील कामगार कायदे

विडी वळणे, भाजणे, वेष्टनात बांधणे व त्यांच्याशी संबंधित कामे करणाऱ्या कामगारांचे वेतन, कामाच्या अटी, कल्याण व सामाजिक सुरक्षा यांविषयीचे कायदे. इतर उद्योगांतील कामगार कायद्यांपेक्षा ते एका बाबतीत वेगळे आहेत. इतरत्र कामगाराला काय द्यावयाचे, हा मुख्य प्रश्न असतो. विडीच्या धंद्यात ते कोणी द्यावयाचे, म्हणजे कामगाराचा मालक कोण, हाच प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या चार कामगार संहितांमुळे ह्या उद्योगाचा १९६६ चा स्वतंत्र अधिनियम संपुष्टात आला आणि हा जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला.

धंद्याची रचना : विडी उद्योग हा मुख्यतः हातकामाचा उद्योग आहे. टेंभुर्णीची (तेंदूची) पाने भिजवणे, ती साच्याच्या मापाने कात्रीने कापणे, त्यांत तंबाखूची जर्दा भरून वळणे, टोके दुमडणे व दोऱ्याने बांधणे ही कामे कोणत्याही घराच्या ओसरीत होऊ शकतात. त्यांस यंत्र, वीज वा इमारत लागत नाही. तयार विड्या गोळा झाल्यावर त्यांची तपासणी, भट्टीतील भाजणी, लेबल लावणे व वेष्टन एवढीच कामे कारखान्यात होतात. वेतन दर हजार विड्यांमागे ठरते. सदोष म्हणून नाकारलेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात. छाटीचे प्रमाण किती असावे हा कामगार व मालक यांच्यातील कायमचा वादविषय होय.

टेंभुर्णीची वने व शेतीतील रिकामे महिने ह्या दोन कारणांमुळे पूर्व विदर्भात हा धंदा रुजला. भंडारा व गोंदिया ह्या भागांत (१ मे १९९९ पर्यंत हा एकच जिल्हा होता) भात हे मुख्य पीक आहे. लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या भातशेतीच्या गावांत शेतमजुरी रोवणी व कापणी ह्या दोन हंगामांभोवती एकवटते. उरलेल्या काळात घरी करता येण्याजोग्या कामाला अशा गावांत सहजच मजूर मिळतात. त्यांत स्त्रियांचा भरणा अधिक असतो. कारखानदार व हे विखुरलेले मजूर यांच्यामध्ये सट्टेदार हा मध्यस्थ असतो. तो कारखान्यातून पाने व तंबाखू उचलतो, गावात वाटतो, तयार विड्या मोजून घेतो व मजुरी चुकती करतो. मजुराला कारखानदाराचे दर्शन होत नाही आणि कारखानदाराच्या हजेरीपटावर मजुराचे नाव नसते.

पूर्वेतिहास : ब्रिटिश अंमलात नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात विडीच्या कार्यशाळांतील बालमजुरीकडे लक्ष वेधले. त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. मध्य प्रांताच्या विधिमंडळाने १९३७ साली अनियंत्रित कारखान्यांसाठी एक अधिनियम करून विडी, लाख व कातडी कमावणे ह्या धंद्यांतील कार्यशाळांवर काही निर्बंध घातले. पुढील वर्षीच्या केंद्रीय बालकामगार अधिनियमाच्या परिशिष्टातही विडीकामाचा समावेश झाला. किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत विडीकामासह तंबाखूचे कारखाने समाविष्ट करण्यात आले.

त्याच वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने वेगळ्या हेतूने एक अधिनियम केला. शेतीच्या हंगामात मजुरांची टंचाई पडू नये म्हणून ठराविक गावांत त्या काळापुरता विडीकामास मज्जाव करण्याचा अधिकार त्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास मिळाला. सागर जिल्ह्यात निघालेल्या अशा आदेशाला आव्हान देण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५० मध्ये हा अधिनियम घटनाबाह्य ठरवला (चिंतामणराव खटला). शेतीचे काम करू न शकणारे वृद्ध, दुर्बल व स्त्रिया यांचाही धंदा त्यामुळे बंद पडत होता. म्हणून हे निर्बंध वाजवी नाहीत, असे न्यायालयाचे मत पडले. घटनेतील ‘वाजवी निर्बंध’ ह्या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणाऱ्या प्रारंभीच्या निर्णयांत त्याची गणना होते.

मालक कोण : कारखाने अधिनियम, १९४८ लागू झाल्यावर विडी कारखान्यांना रजा, कामाचे तास व आरोग्यविषयक तरतुदी पाळाव्या लागू लागल्या. ह्या जबाबदाऱ्या एका विशिष्ट जागेशी निगडित होत्या. काम त्या जागेबाहेर नेले की त्या टळत. परिणामी कार्यशाळा कमी होऊन घरचे काम व सट्टेदारी वाढली. कामगारांना संरक्षण देणाऱ्या कायद्यानेच त्यांना संरक्षणाबाहेर लोटले, असा हा विपरीत परिणाम होता.

न्यायालयीन निर्णयांतही एकवाक्यता नव्हती. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदारांना स्वतंत्र कंत्राटदार मानले आणि त्यांचे मजूर कारखान्याचे कामगार नाहीत असे ठरवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत नागपूरच्या एका कारखान्यासंबंधीच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात, कारखान्यात येऊन विड्या वळणारे व हजेरी लागणारे मजूर हे कामगारच होत व ते रजेस पात्र आहेत, असा निर्णय झाला. १९६४ साली मद्रास राज्यातील दिवाण मोहिद्दीन साहिब खटल्यात न्यायालयाने व्यवहाराचे बाह्य स्वरूप बाजूला सारून त्याचे अंतरंग तपासले. कच्चा माल कोणाचा, दर कोण ठरवतो व माल नाकारण्याचा अधिकार कोणाचा, हे पाहता तेथील मध्यस्थ केवळ कारखानदाराचे हस्तक होते व घरी वळणारे मजूर कारखानदाराचेच कामगार होते, असे न्यायालयाने म्हटले.

१९६६ चा अधिनियम : ही अनिश्चितता दूर करण्यासाठी संसदेने विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम, १९६६ संमत केला. त्याचे बळ त्याच्या व्याख्यांत होते. मालकाकडून वा कंत्राटदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारा मजूर हा ‘कामगार’ ठरला. कंत्राटदाराच्या व्याख्येत मुनशी, ठेकेदार व सट्टेदार यांचा नावानिशी उल्लेख आला. ज्याच्यासाठी कंत्राटी मजूर लावले जातात, तो मुख्य मालक होय, असे ठरले. पैसा वा माल पुरवून धंद्याच्या नियंत्रणात ज्याचा भरीव हितसंबंध आहे, तोही मालकाच्या व्याख्येत बसू लागला. स्वतःच्या घरात स्वतःच्या कुटुंबीयांसह स्वतंत्रपणे विड्या करणारा मात्र अधिनियमातून वगळण्यात आला.

औद्योगिक जागेसाठी परवाना, दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची कालमर्यादा, दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा, सहा महिने काम केलेल्या कामगारास वाजवी कारण व एक महिन्याची नोटीस (किंवा तिच्याऐवजी वेतन) दिल्याशिवाय न काढणे, घरी काम करणाऱ्या स्त्रियांनाही प्रसूती लाभ आणि कच्च्या मालाचा पुरवठा व छाट यांविषयीच्या तंट्यांचा निवाडा, ह्या त्याच्या प्रमुख तरतुदी होत. कारखानदारांनी अधिनियमाच्या वैधतेस आव्हान दिले. परंतु मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी १९७४ रोजी तो वैध ठरवला.

१९७६ साली विडी कामगार कल्याण उपकर व कल्याण निधी यांचे दोन अधिनियम झाले. त्यांतून कामगारांसाठी दवाखाने, घरकुले व मुलांसाठी शिष्यवृत्त्या यांना पैसा मिळू लागला. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर १ जुलै २०१७ पासून उपकर रद्द झाला. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी अधिनियम ३१ मे १९७७ पासून विडी उद्योगास लागू करण्यात आला. घरी वळणारे मजूरही त्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात १९८५ साली मान्य केले.

कामगार संहिता : केंद्र सरकारने २९ कामगार कायदे एकत्र करून वेतन संहिता, २०१९, औद्योगिक संबंध संहिता, २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अशा चार संहिता केल्या. १९६६ चा अधिनियम यांपैकी शेवटच्या संहितेत विलीन झाला. औद्योगिक जागेचा परवाना, जागेबाहेर पाने भिजवण्यास व कापण्यास परवानगी आणि स्वतंत्र घरगुती उत्पादकास सूट, ह्या तरतुदी तिच्यात विडी व सिगार कामगारांसाठीच्या वेगळ्या भागात कायम ठेवल्या आहेत. कच्चा माल घेऊन घरी वळणाऱ्या मजुराचा उल्लेखही तेथे आहे. परंतु १९६६ प्रमाणे तो कामगाराच्या मूळ व्याख्येत नाही. तेथे सर्व उद्योगांना समान अशी सर्वसाधारण व्याख्या आली आहे. दुसरीकडे सामाजिक सुरक्षा संहितेने, मालकासाठी आपल्या घरी वस्तू तयार करणाऱ्या व्यक्तीची ‘गृहाधारित कामगार’ अशी व्याख्या केली असून तिला असंघटित कामगारांच्या वर्गात स्थान दिले आहे.

मालकांवरील परिणाम : (१) वेतन संहितेमुळे किमान वेतन अनुसूचित धंद्यांपुरते राहिले नाही, ते सर्व कामगारांना लागू झाले. केंद्र सरकारने ठरवावयाच्या तळवेतनाखाली राज्याला दर ठरवता येत नाही. नगावर काम देणाऱ्या मालकासही तासावर बेतलेल्या किमान वेतनाची बरोबरी करावी लागते. वेतन किंवा बोनस न मिळाल्याचा वा कमी मिळाल्याचा दावा आल्यास ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि असा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. देय रकमेपेक्षा कमी वेतन दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच वर्षांत तोच अपराध पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. काही अपराधांत खटल्यापूर्वी चूक सुधारण्याची संधी देण्याची सोयही आहे. दिलेला माल, मोजून घेतलेल्या विड्या, छाट व मजुरी यांची नोंद सट्टेदाराच्या वहीत राहून भागत नाही. ती मालकापाशी असणे त्याच्याच हिताचे आहे.

(२) वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा रक्कम वेतनात मिळवली जाते. हजारी दराने काम करणाऱ्यास सहसा भत्ते नसतात. त्यामुळे ह्या बदलाचा भार मुख्यतः कारखान्यातील कारकून व इतर मासिक पगारी नोकर यांच्या उपदानावर व तत्सम देण्यांवर पडतो.

(३) आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी मजूर लावण्यास नव्या संहितेत मनाई आहे; मात्र जे काम सामान्यतः कंत्राटदारांमार्फतच चालते, त्यास अपवाद ठेवला आहे. विडी वळणे हे उद्योगाच्या गाभ्याचे काम असून ते परंपरेने सट्टेदारांमार्फत चालते. त्यामुळे ह्या अपवादाचा आधार मालकास घेता येईल. परंतु वेतन थकल्यास मुख्य मालकाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

(४) कामगार कमी करणे वा कारखाना बंद करणे यांसाठी सरकारी परवानगीची अट औद्योगिक संबंध संहितेने १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली आहे. स्थायी आदेशांची मर्यादाही ३०० झाली. विजेशिवाय चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील संख्या २० वरून ४० वर गेली. भाजणी व वेष्टन करणाऱ्या बऱ्याच लहान कारखान्यांना ह्या तरतुदींमुळे मोकळीक मिळते.

(५) संहितांशी विसंगत नसलेले जुने नियम व आदेश संक्रमणकाळापुरते चालू राहतात. बालकामगारांविषयीचा १९८६ चा अधिनियम संहितांत विलीन झालेला नाही. विडीकामास तो पूर्वीप्रमाणेच लागू आहे. घरी वळलेल्या विड्यांत मुलांचे श्रम मिसळणार नाहीत याची दक्षता मालकास घ्यावी लागते.

समालोचन : संहितांनी परवाने व नोंदी यांचे सुलभीकरण केले व किमान वेतनाची कक्षा वाढवली. परंतु घरी विड्या वळणारी स्त्री कारखानदाराची कामगार आहे की असंघटित क्षेत्रातील गृहाधारित कामगार, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. पहिला अर्थ घेतल्यास तिच्या भविष्यनिर्वाह निधीत मालकाची वर्गणी पडते. दुसरा घेतल्यास तिला सरकारने नोंदणीकृत असंघटित कामगारांसाठी काढलेल्या योजनांवर अवलंबून रहावे लागते. १९६४, १९७४ व १९८५ च्या निर्णयांतील तत्त्व मात्र संहितांनी मोडीत काढलेले नाही. माल ज्याचा, दर ज्याचा व छाटण्याचा अधिकार ज्याचा, त्याच्याकडेच मालकत्व शोधावयाचे, अशी ती कसोटी आहे. संहितांखालील नियम व त्यांवरील निर्णय ह्या कसोटीशी कितपत सुसंगत राहतात, यावर गावोगावच्या विडी कामगारांचे संरक्षण अवलंबून राहील.