शिक्का, मोर्तब आणि ईमेल

परवा सकाळी चहाचा पेला हाती घेऊन मोबाईलवरचे टपाल पाहू लागलो, तो आमच्या प्राचार्यांच्या नावाने ईमेल! 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नये. वीस हजारांची गिफ्ट कार्डे घेऊन त्यांचे क्रमांक त्वरित कळवावेत.' वरिष्ठांची आज्ञा! मी खरेदीला लागणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "अहो, तुमचे प्राचार्य आत्ताच कोपऱ्यावर दूध घेताना दिसले. मीटिंग काय गवळ्याशी आहे?" वीस हजार वाचले, अब्रू मात्र गेली.

गंमत सोडा. २०१६ साली रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखे भासणारे एक ईमेल युनियन बँकेत उघडले गेले आणि चोरांनी सुमारे १७ कोटी डॉलर परदेशी धाडले. ते परत मिळाले, हे नशीब!

अशी सोंगे वठतात कशी? १९८२ साली ईमेलच्या ने-आणीचे नियम ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याचे नाव पारखण्याची सोयच त्यांत नव्हती. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच प्रकार.

आपल्या पूर्वजांना हे भय ठाऊक होते. मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने मजकूर संपल्याचे कळे, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवायला नको. तरी मधले अक्षर बदलण्याची भीती उरेच. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो 'धरावे'चे 'मारावे' केल्यामुळे, अशी आख्यायिका आपण सारेच ऐकत आलो आहोत.

ईमेलच्या दारावर आता तीन पहारेकरी आहेत. पहिला एसपीएफ. आमच्या नावाचे टपाल कोणकोणत्या यंत्रांतून निघेल, याची यादी प्रत्येक संस्था जाहीर करते. हा ती यादी ताडून पाहतो. दुसरा डीकेआयएम, म्हणजे गुप्त किल्लीने उमटवलेली सही. वाटेत 'ध'चा 'मा' झाला, की ती जुळत नाही. तिसरा डीमार्क. पत्रावर दिसणारे घराणे आणि पहिल्या दोघांनी पारखलेले घराणे एकच ना, हे तो बघतो. नसेल, तर पत्र संशयितांच्या टोपलीत टाकायचे की दारातूनच परतवायचे, हे मूळ मालकाने आधीच सांगून ठेवलेले असते. २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक टपाल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले आहेत.

मग माझे ईमेल कोणी का अडवले नाही? मागाहून नीट पाहिले, तेव्हा उलगडा झाला. नाव प्राचार्यांचे, पत्ता मात्र चोराचा स्वतःचा, आणि त्या पत्त्यावरचा शिक्का अस्सल! पहारेकरी घराणे ओळखतो, माणसाची नियत नव्हे.

म्हणून वाचकहो, नावाखालचा पत्ता वाचा. पैशाची गोष्ट निघाली, की आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर फोन करून विचारा. फसलातच, तर तत्काळ १९३० फिरवा. आमच्या नगरच्या घरी शिक्का तंत्रज्ञांचा चालतो; मोर्तब मात्र सौभाग्यवतीच करतात.