पुराच्या रात्री आकडा एकच हवा : बातमीदारांचे ‘सर्व्हरलेस’ टूल कसे चालते?

सातारा/सांगली : कोयनेतून पाणी सोडले की पाटणपासून सांगलीपर्यंत एकच प्रश्न असतो, विसर्ग किती? हा आकडा बातमीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला की त्याचे चार आकडे होतात. कुणी फक्त धरणाच्या सहा वक्र दरवाजांचा विसर्ग टाकतो, तर कुणी त्यात पायथा वीजगृहाचे सुमारे २१०० क्युसेक मिळवतो. कुणाचा दुपारचा मेसेज रेंज आल्यावर संध्याकाळी पोहोचतो. मग डेस्कवरच्या माणसाने कुठला आकडा धरायचा?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी जनावरे कधी हलवायची, घर कधी सोडायचे, हे लोक बातमी बघून ठरवतात. तीन तासांपूर्वीचा आकडा ‘आत्ताचा’ म्हणून गेला तर ते महागात पडते. यावर उपाय म्हणजे सगळ्या बातमीदारांची एकच सामाईक नोंदवही. ती छोट्या कार्यालयालाही परवडेल अशी करता येते.

‘सर्व्हरलेस’ म्हणजे काय?

नावावर जाऊ नका. सर्व्हर असतोच, फक्त तो आपला नसतो. वर्षातून दोनदा नांगरट असेल तर कुणी ट्रॅक्टर विकत घेऊन दारात उभा करत नाही, भाड्याने सांगतो. इथेही तसेच आहे. ॲमेझॉनने २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ ही सेवा आणली. गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्याही अशा सेवा आहेत. काम आले की प्रोग्रॅम चालतो, संपले की थांबतो. पैसे चालला तेवढ्या वेळाचेच. ॲमेझॉनची मुंबईतली डेटा सेंटर २०१६ पासून सुरू आहेत, त्यामुळे माहिती देशातच ठेवता येते.

एप्रिलमध्ये दिवसाला दहा नोंदी आणि पुराच्या रात्री हजारो, असे ज्यांचे काम आहे त्यांना ही पद्धत चांगली बसते. लॅम्डावर महिन्याला १० लाख वेळा प्रोग्रॅम चालवणे ठरावीक मर्यादेत मोफत आहे. मात्र फोटो साठवणे, एसएमएस पाठवणे यांचे बिल वेगळे येते. त्यामुळे खर्चाची सूचना देणारी मर्यादा पहिल्याच दिवशी लावून ठेवावी.

नोंद कशी फिरते?

बातमीदार मोबाईलवर छोटा फॉर्म भरतो : ठिकाण, आकडा, कधी पाहिले, कुणी सांगितले. ‘कुणी सांगितले’मध्ये स्वतः पाहिले, पाटबंधारे विभाग, तहसील कार्यालय, गावकरी असे पर्याय असतात. विसर्गासाठी दरवाजे आणि वीजगृह असे दोन वेगळे रकाने असतात, बेरीज टूल करते.

नोंद डेटाबेसमध्ये पडली की प्रोग्रॅम जागा होतो आणि डेस्कला सूचना जाते. उपसंपादक ‘तपासतोय’ दाबतो, मग तीच नोंद दुसऱ्याला बदलता येत नाही. खात्री झाली की ती ‘पक्की’ होते आणि पोर्टलवर तोच आकडा वेळेसकट दिसतो. जुना आकडा खोडला जात नाही, कुणी कधी बदलला ते मागे राहते.

रेंज गेली तर?

इथेच टूलची खरी परीक्षा आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा डोंगरी भागात अतिवृष्टीत लाईट आणि रेंज दोन्ही जातात. म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठली पाहिजे आणि रेंज आल्यावर आपोआप गेली पाहिजे. ‘पाहिल्याची वेळ’ आणि ‘पोहोचल्याची वेळ’ या दोन वेगळ्या नोंदवाव्या लागतात. दुपारी दोनला पाहिलेली पातळी सातला पोहोचली, तर टूलने ती दोनचीच म्हणून दाखवायची. त्याआधीच पाचची नोंद आली असेल तर तीच वर राहते. ही एवढी सोय नसेल तर टूल आणि व्हॉट्सॲप ग्रुप यात फरक उरत नाही.

आणखी दोन गोष्टी बघाव्यात. माहिती देणाऱ्या गावकऱ्याचा नंबर सगळ्यांना दिसता कामा नये, डेस्कप्रमुखापुरताच ठेवावा. आणि सगळी नोंदवही एका कंपनीच्या भरवशावर नको, रोज एक प्रत आपल्याकडे उतरवून घ्यावी.

टूल खरे-खोटे ठरवत नाही. पाटबंधारे विभागाला फोन माणसानेच लावायचा असतो. पण पाच जणांनी तोच फोन पाचदा लावण्यापेक्षा एकाने लावावा आणि बाकीच्या चौघांनी नदीकाठच्या गावांची खबर घ्यावी, एवढी सोय त्यातून नक्की होते. तयारी मात्र पावसाआधीच करायला हवी. मे महिन्यात फोन मुद्दाम फ्लाईट मोडवर टाकून दहा नोंदी भराव्यात आणि रेंज आल्यावर त्या बरोबर वेळेसह पोहोचतात का, ते तपासून घ्यावे.